हुशार कूलर ऐन दुपारीच का मरतो

होळी झाली की नागपुरात दोन कामं निघतात. कूलर माळ्यावरून उतरवायचा आणि नव्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावायच्या गवती जाळ्या, आणायच्या. आमच्या लेआउटमध्ये गेल्या चार उन्हाळ्यांपासून तिसरं काम निघालं आहे, ते म्हणजे मला बोलावणं. "काकाजी, तो डबा पुन्हा बंद होऊन राहिला."

हा डबा म्हणजे माझ्या पुतण्याची कृपा. टिफिनचा प्लास्टिकचा डबा, त्यात ईएसपी८२६६ नावाचा वाय-फायचा बोर्ड, दोन रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच (एक पंख्याचा, एक पंपाचा), तापमान मोजायची एक वायर आणि पुतण्यानं सुटीत बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर. खोली ३२ अंशांच्या वर गेली की पंखा सुरू. पंप दहा मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, म्हणजे पाणी वाचतं. कल्पना वाईट नाही, हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नाही. पहिला डबा आमच्या घरी लागला, मग शेजाऱ्यांनी पाहिलं, आणि आता असे सात डबे आहेत. पुतण्या हिंजवडीत एसीत बसतो. मी ३१ वर्षं टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त केले, म्हणून डबे माझ्या गळ्यात.

सातही डब्यांचं दुखणं थोड्याफार फरकानं एकच आहे.

लक्षणं

- सकाळी ठणठणीत, दुपारी दोन ते चारच्या मध्ये गप्प. मोबाइलवरचं ॲप मात्र निर्लज्जपणे "ऑनलाइन" दाखवतं.
- पंखा फिरतो, पंप नाही. ताट्या कोरड्या, आणि कूलर बाहेरची लू उचलून घरात आणतो.
- रिले टकटक-टकटक वाजत राहतो, भिंतीत सुतारपक्षी बसल्यासारखा.
- वीज जाऊन आली की कूलर आपोआप सुरू होत नाही.
- ॲपवर तापमान ८५ किंवा उणे १२७.
- दुपारी १२ ला लावलेला पंप संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो.
- दीड-पावणेदोन महिने एकही तक्रार नाही आणि एके दिवशी पंप जो थांबतो तो थांबतोच.
- प्लग काढून लावला की तासभर बरं वाटतं.

ते शेवटचं लक्षण आहे, इलाज नाही. लेआउटमधल्या निम्म्या लोकांना तोच इलाज वाटतो.

आधी एक गोष्ट

कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, झिणझिण होत असेल, तर पुढचं वाचू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. पत्र्याची बॉडी, खाली ओली फरशी, पाय उघडे, आणि अर्थिंगची वायर कुणीतरी कधीतरी "काय गरज आहे" म्हणून कापलेली. डब्याचं नंतर पाहू. पाणी भरतानाही प्लग काढायचाच. ॲपवरून बंद केलं म्हणजे बंद झालं असं समजू नका, रिले चिकटलेला असू शकतो.

१. डबा बाजूला काढून कूलर थेट चालवा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. डब्यातून जाणारा प्लग काढा, कूलर नेहमीच्या स्विचवर लावा. पंप चालला तर दोष डब्यात. नाही चालला तर डबा बिचारा निर्दोष आहे.

हे पहिल्यांदा का? कारण मागच्या वर्षी एका घरी मी दीड तास सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या आणि शेवटी पंपाच्या जाळीत क्षाराचा खडा निघाला. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. पंपाच्या आतल्या पात्यावर पांढरा थर बसतो आणि तो फिरायचा थांबतो. प्लग काढून पंप रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा, सकाळी टूथब्रशनं घासा. निम्मे पंप यातच जिवंत होतात.

तुमच्या कूलरला डबा वगळून चालवायची सोयच नसेल, तर ज्यानं तो बसवला त्याला फोन करून विचारा, काऊन बे? माझ्या पुतण्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "काका, ॲप आहे ना, स्विचची काय गरज?" त्यानंतर प्रत्येक डब्याशेजारी मी एक साधा स्विच ठोकला. सातांपैकी एकाही घरात तो वापराविना राहिला नाही.

२. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा

दोन-तीन दिवस फक्त एवढंच करा. बंद कधी पडला, तारीख आणि वेळ. लोक हे टाळतात, कारण यात काही दुरुस्त केल्यासारखं वाटत नाही. पण निम्मं निदान इथेच होतं. रोज दुपारी पडत असेल तर उष्णता किंवा चार्जर. प्रत्येक वेळी पंप बंद होताना पडत असेल तर पंपाचा झटका. वीज आल्यावर पडत असेल तर राउटर. आणि पन्नासेक दिवसांनी एकदाच पडत असेल तर तो थेट सॉफ्टवेअरचा रोग, त्यावर खाली वेगळं बोलू.

वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर शोधायची गरजच नाही. डबा इंटरनेटवरून ग्रिनिचची वेळ घेतो आणि त्यात भारताचे साडेपाच तास मिळवायचं लिहिणारा विसरला. सॉफ्टवेअरमध्ये वेळेच्या फरकाच्या जागी शून्य असेल, तिथं १९८०० लिहायचं. साडेपाच तासांचे सेकंद तेवढेच. पुतण्या हे दोनदा विसरला. आमच्या काकू म्हणाल्या, बरं झालं, संध्याकाळी पोरं खेळून येतात तेव्हा तरी गार हवा मिळते.

३. चार्जर आणि केबल बदला

सातपैकी तीन डबे इथेच सुटले.

हा बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो. वाय-फायवरून काही पाठवताना तो क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या वर ओढतो. त्यात रिलेची कॉइल आणखी ७०-८० ओढते, आणि रिले दोन आहेत. घरात उरलेला जुना मोबाइल चार्जर, त्याला फूटपाथवरून घेतलेली दोन मीटरची केसासारखी बारीक केबल, यातून पाच व्होल्ट निघतात आणि डब्यापर्यंत साडेचार पोचतात. पाचाचे ३.३ करणाऱ्या बोर्डावरच्या रेग्युलेटरला वरचा एक-सव्वा व्होल्ट स्वतःसाठी लागतो. साडेचार म्हणजे आधीच काठावर. त्यात दोन्ही रिले एकदम ओढले गेले की बोर्ड बेशुद्ध पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा रिले ओढतो, पुन्हा पडतो. तो सुतारपक्षी हाच.

दोन अँपिअरचा, नाव असलेल्या कंपनीचा चार्जर आणि हातभर लांबीची जाड केबल लावून दोन दिवस पाहा. चार्जर विकत आणू नका, घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलचा दोन दिवस उसना घ्या. फरक पडला तरच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जा. बर्डीला जाणारच असाल तर दुपारी नको.

४. डब्याची जागा

चिप भाजून मरत नाही. ती १२५ अंशांपर्यंत चालेल असं बनवणारे सांगतात आणि माझा त्यावर विश्वास आहे. मरतात त्या चार्जरमधल्या टोपीवाल्या कपॅसिटरच्या डब्या. दर दहा अंश वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आता विचार करा, डबा कुठं लावला आहे? खिडकीबाहेर, कूलरच्या पत्र्यावर, पश्चिमेच्या उन्हात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, त्या पत्र्यावर माझा हात टिकत नाही.

जागेचा दुसरा दोष ओलाव्याचा. जड पाण्याचे शिंतोडे उडून बोर्डावर पांढरे-हिरवे डाग धरतात आणि त्यातून वीज इकडची तिकडे जाते. प्लग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा, नीट वाळू द्या. तिसरा दोष पत्र्याचा. चारी बाजूंनी लोखंडी पत्रा आणि मध्ये ओल्या ताट्या असल्या की वाय-फाय तिथपर्यंत रडत पोचतं.

डबा घराच्या आत, सावलीत, कूलरपासून हातभर दूर, स्विचबोर्डाजवळ लावा. तापमानाची वायर लांब घेतली की झालं.

५. वाय-फाय

हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. मुलानं नवा राउटर आणला, त्यात फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवलं किंवा पासवर्ड बदलला, तर डब्याला कोण सांगणार? पहिला प्रश्न घरातल्या तरुण मंडळींना विचारा: "राउटरला कुणी हात लावला?" सगळे नाही म्हणतील. तरी जाऊन पाहा.

वीज जाऊन येते तेव्हा डबा पाच सेकंदांत उठतो, राउटरला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. पुतण्याचं सॉफ्टवेअर ३० सेकंद वाट पाहून नाद सोडून देत होतं. सॉफ्टवेअर बदलता येत नसेल तर साधा उपाय आहे. वीज आल्यावर तीन मिनिटांनी डब्याचा प्लग काढून लावा. लाजिरवाणा उपाय आहे, पण चालतो. खरा उपाय सॉफ्टवेअरमध्येच: वाय-फाय मिळो न मिळो, पंखा आणि पंप तापमानावर चाललेच पाहिजेत. कूलरला थंड हवा द्यायला अमेरिकेतल्या सर्व्हरची परवानगी कशाला लागावी, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

६. तापमानाची वायर

८५ दिसलं तर घाबरू नका. डीएस१८बी२० या सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आत विचारलं की तो ८५ सांगतो. म्हणजे मधेच त्याची वीज तुटते आहे. उणे १२७ दिसलं तर तो जोडलेलाच नाही, असं सॉफ्टवेअर त्याच्या भाषेत सांगतं. दोन्हींत आधी वायर दाबून पाहा, मग सोल्डरचे जोड पाहा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, हा रोग टीव्हीच्या काळापासूनचा, तो काही नव्या पिढीनं शोधलेला नाही. डेटाच्या वायरीवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का, तेही पाहा. आमच्या लेआउटात एका डब्यात तो नव्हताच, आणि तो डबा एक अख्खा उन्हाळा त्याच्याविना चालला कसा, हे देव जाणे.

दोन घरी डीएचटी११ हा निळा, स्वस्त सेन्सर होता. तो ५० अंशांपर्यंतच मोजतो, तेही दोन अंश इकडेतिकडे. शिवाय वाचन चुकलं की तो आकड्याऐवजी "आकडा नाही" असं उत्तर देतो. इथं गंमत आहे. "आकडा नाही" हे ३२ पेक्षा मोठं आहे का, असं कॉम्प्युटरला विचारलं की तो नाही म्हणतो. लहान आहे का? तरीही नाही. त्यामुळे पंखा सुरू होत नाही आणि काही बिघडलं आहे असंही ॲपला वाटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घालायची: वाचन चुकलं तर पंखा चालू करा. नागपुरात मे महिन्यात पंखा चुकून चालू राहिला म्हणून कुणी तक्रार करत नाही.

सेन्सर खोटं बोलतो यात डब्याला कमीपणा नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी मी बाहेर होतो. मला ५६ खरेच वाटले होते.

७. पंपाचा झटका

इथून पुढे काम अवघड. पंप बंद होताना त्याच्या कॉइलमधून उलटा झटका निघतो, रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते, आणि शेजारचा बोर्ड दचकून अडकतो. पंप बंद होतानाच नेमका डबा गोठत असेल तर हेच. इलाज म्हणजे पंपाच्या टोकांवर स्नबर, म्हणजे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक. कपॅसिटर एसी मेनसाठी बनवलेला, एक्स२ छापलेला हवा. साधा लावला तर एके दिवशी तोच फटाका होईल.

हे काम २३० व्होल्टवरचं आहे. तुम्ही कधी मेनच्या वायरीवर काम केलं नसेल तर इथं थांबा. यूट्यूब पाहून करू नका. यूट्यूबवाला तुमच्या घरी अँब्युलन्स घेऊन येत नाही.

८. सॉफ्टवेअर, आणि इन्व्हर्टरवाल्यांचा रोग

आता ती पन्नास दिवसांची गोष्ट. हिच्यापायी माझा एक अख्खा मे महिना गेला.

सातपैकी एकाच घरी असं व्हायचं. मार्चअखेर डबा सुरू केला, दीड-पावणेदोन महिने झकास, आणि मेच्या मध्यावर पंप थांबला की प्लग काढल्याशिवाय सुरूच होईना. बाकी सहा घरांत कधीच नाही. डबा तोच, सॉफ्टवेअर तेच. मी चार्जर बदलला, रिले बदलला, पूर्ण बोर्ड बदलला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुतण्या म्हणे, "काका, हार्डवेअरचा प्रॉब्लेम असेल." मी म्हटलं, अबे, हार्डवेअर अख्खं बदलून झालं, आता उरलं काय, भिंत?

मग कॅलेंडर काढलं. पहिल्या वर्षी २५ मार्चला सकाळी दहाला सुरू, १४ मेच्या पहाटे बंद. दुसऱ्या वर्षी दिवस मोजले, पुन्हा पन्नासच्या आत एक. रेडिओवाल्याला आकडा दिसला की तो हिशेब करतोच.

बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते एका आकड्यात मोजतो. तो आकडा ४२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा शून्यावर येतो. एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस १७ तास. २५ मार्चला सकाळी दहापासून मोजा, १४ मेच्या पहाटे तीनला येता. पुतण्यानं लिहिलं होतं: पुढची वेळ काढून ठेव, घड्याळ त्याच्या पुढं गेलं की पंप सुरू कर. घड्याळ शून्यावर आलं आणि पुढची वेळ वरच्या टोकाला राहिली, तर पंप आणखी ४९ दिवस वाट पाहत बसतो. तोवर पाऊस आलेला असतो.

बाकी सहा घरी हे का नाही? कारण आमच्याकडे वीज जाते. वीज गेली की मोजणी शून्यापासून. हे एकच घर इन्व्हर्टरवर होतं आणि तिथं डबा कधी झोपलाच नाही. ज्यांनी वीज जाऊ नये म्हणून पैसे मोजले, त्यांचाच कूलर बंद.

दुरुस्ती एका ओळीची आहे. पुढची वेळ साठवायची नाही. मागची वेळ साठवायची, आत्ताच्या आकड्यातून ती वजा करायची आणि फरक दहा मिनिटांपेक्षा मोठा झाला का ते पाहायचं. आकडे चिन्हाविना साठवलेले असतील तर मीटर फिरलं तरी वजाबाकी बरोबर येते.

पुतण्याला मी फार बोललो, पण खरं सांगायचं तर तो चांगल्या संगतीत आहे. विंडोज ९५ याच ४९.७ दिवसांनी अडकायचं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं बोईंग ७८७ बद्दल आदेश काढला होता: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रणं एकदम बंद पडू शकतात, म्हणून मधेच वीज बंद करून चालू करा. तिथंही तसाच एक मोजणारा आकडा भरून वाहत होता. म्हणजे विमानालासुद्धा प्लग काढून लावावा लागतो.

कधी थांबायचं

इलेक्ट्रिशियन बोलवा: बॉडीला शॉक, जळका वास, स्विचबोर्ड गरम, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडणं, अर्थिंगचा भरवसा नसणं. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकणाऱ्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून परत पाठवा, दुसरा शोधा. पंख्याची मोटर गुंगुं करते आणि फिरत नाही, तर वाइंडिंगवाल्याकडे. रिले बंद करूनही कूलर चालूच राहतो, तर त्याची टोकं चिकटली आहेत. रिले बदलायचा, ठोकून सोडवायचा नाही.

आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याकडे मूळ प्रत नसेल तर तिथंच सोडा. बोर्डातून जे बाहेर निघतं ते माणसाला वाचता येत नाही. मी पुतण्याला विचारलं होतं.

"काका, ते जुन्या लॅपटॉपमध्ये होतं."

"आणि लॅपटॉप?"

"विकला ना मागच्या दिवाळीला."

इन्व्हर्टरवाल्या घरी मी शेवटी तीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीचा फिरत्या चकतीचा टायमर लावला. पंधरा मिनिटांच्या खुंट्या, ॲप नाही, पासवर्ड नाही. त्या घरच्या आजींनी दोन दिवस पाहिलं आणि मला विचारलं, "हे आधीच का नाही लावलं जी?"

पुतण्या या दिवाळीला येतो आहे. म्हणतो, नवं व्हर्जन आणतो, आवाजानं चालणारं. मी कूलर माळ्यावर चढवून वर ताडपत्री बांधली आहे, आणि शिडी शेजाऱ्याकडे ठेवली आहे.